वाघीण की माउली?

इंग्रजीच्या प्रश्नावर आपल्याकडे दोन आवाज ऐकू येतात. पहिला मराठीच्या अभिमान्यांचा. तो सांगतो, मुलाला मातृभाषेतूनच शिकवा. इंग्रजी परक्यांची, तिने मुळे तुटतात. दुसरा आवाज आपल्यातल्याच काही विचारवंतांचा. तो सांगतो, इंग्रजी हीच मुक्ती. देशी भाषा म्हणजे वर्णव्यवस्थेची कोठारे, त्यांचे ओझे फेकून द्या. दोन्ही आवाज मोठे आहेत आणि दोन्हींच्या मागे काही एक युक्तिवादही आहे. पण मी वलगावात राहते, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला इंग्रजी शिकवते, आणि त्या वर्गात उभी राहिले की या दोन्ही आवाजांचा मला काडीचा उपयोग होत नाही. कारण दोघेही भाषा कोणती यावर भांडतात. ती शिकवायची कशी, कोणी आणि कोणाला, हा प्रश्न दोघांनीही वेशीबाहेर ठेवलेला आहे. या लेखात मला त्या वेशीबाहेरच्या प्रश्नाची चिकित्सा करायची आहे.

१

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हटले, हे शाळेतल्या निबंधापासून सर्वांना पाठ आहे. पुढे ही प्रतिमा आपल्या वस्तीतही आली. जयंतीच्या फलकावर, समाजमंदिराच्या भिंतीवर शिक्षणाला वाघिणीचे दूध म्हटलेले असते आणि खाली बाबासाहेबांचे नाव असते. प्रतिमा जोरदार आहे. तिने अनेकांना बळ दिले, हे मी नाकारीत नाही. पण चिकित्सा करणाऱ्याने आवडत्या प्रतिमेलाही प्रश्न विचारले पाहिजेत.

वाघिणीचे दूध काढायला कोण जातो? शूर जातो. ते कोणाला मिळते? लाखात एकाला. आणि ज्याला मिळत नाही त्याच्याबद्दल ही प्रतिमा काय सांगते? तो कमी पडला, त्याची छाती झाली नाही, असेच ना? म्हणजे दोष पिणाऱ्याचा. दूध देण्याची जबाबदारी कोणावरच नाही. चिपळूणकरांना ही प्रतिमा सुचली याचे मला नवल वाटत नाही. त्यांचे वडील कृष्णशास्त्री स्वतः मोठे पंडित, भाषांतरकार. त्या घरात पुस्तक ही पाण्याच्या माठासारखी रोजची वस्तू होती. असे घर पाठीशी असणाऱ्याला वाघिणीची गोष्ट पराक्रमाची वाटते.

'निबंधमाला' १८७४ साली सुरू झाली. तिच्या वीस वर्षे आधी, १८५४ साली, सावित्रीबाई फुल्यांचा 'काव्यफुले' हा संग्रह निघाला. सावित्रीबाईंनी इंग्रजीला वाघीण म्हटले नाही. त्यांनी तिला माउली म्हटले. हा फरक केवळ शब्दाचा नाही. १८४८ पासून मुलींना आणि पुढे महार-मांगांच्या लेकरांना समोर बसवून शिकवणाऱ्या बाईची ती दृष्टी आहे. आई लेकराची परीक्षा घेऊन मग त्याला पाजत नाही. लेकरू रडले, रांगले, अडखळले तरी दुधावरचा त्याचा हक्क जात नाही. एका प्रतिमेत शिक्षण हा पराक्रम आहे, दुसरीत तो हक्क आहे. महाराष्ट्राच्या शाळांनी, आणि दुर्दैवाने आपल्या चळवळीनेही, पहिली प्रतिमा उचलली. दुसरी उचलली असती तर आज आपण वेगळे प्रश्न विचारले असते.

२

'बाबासाहेब दिव्याखाली बसून शिकले, तुम्हाला काय धाड भरली?' हे वाक्य आपल्या प्रत्येक गुणगौरव समारंभात ऐकायला मिळते. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण बाबासाहेबांचे चरित्र नीट वाचले तर त्यातून या वाक्याला आधार मिळत नाही.

बाबासाहेब १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. शाळेने त्यांना काय दिले आणि काय नाकारले, हे आपण जाणतो. संस्कृत शिकू दिले नाही म्हणून त्यांना फारसी घ्यावी लागली. पण त्यांचे इंग्रजी केवळ शाळेने घडवलेले नाही. वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेत शिक्षक होते. ते मुलाला जवळ बसवून हॉवर्डची इंग्रजी पुस्तके करून घेत, तर्खडकरांची भाषांतर पाठमाला करून घेत. म्हणजे मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत, वाक्य उलटे-सुलटे करीत, शेजारी बसलेल्या जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली हे शिक्षण झाले. लष्कराच्या नोकरीने महारांच्या एका पिढीच्या हाती जे अक्षर दिले होते, ते पुढच्या पिढीला असे घरात मिळाले. बाबासाहेबांची प्रज्ञा असामान्य होती, यात वाद नाही. पण त्या प्रज्ञेलाही शेजारी बसणारा कोणीतरी लागला.

माझ्या घरात इंग्रजी अक्षरे होती ती खताच्या पोत्यावर आणि फवारणीच्या डब्यावर. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलामुलींची स्थिती याहून निराळी नाही. ज्याच्या घरात रामजी सुभेदार नाहीत त्या लेकरासाठी शाळेनेच सुभेदार झाले पाहिजे. शाळा ते काम करीत नाही आणि वर लेकरालाच विचारते, तू बाबासाहेब का झाला नाहीस? हा प्रश्न अन्यायाचा आहे. तो शाळेला विचारला पाहिजे.

दुसरीही एक गोष्ट येथे लक्षात घेतली पाहिजे. 'जातिनिर्मूलन' हे भाषण बाबासाहेबांनी १९३६ साली इंग्रजीत लिहिले. पण 'मूकनायक' (१९२०), 'बहिष्कृत भारत' (१९२७), 'जनता' (१९३०), 'प्रबुद्ध भारत' (१९५६) ही सारी पत्रे मराठी. सत्तेशी आणि जगाशी बोलायला एक भाषा, आपल्या माणसांशी बोलायला दुसरी. आणि दोन्हींवर सारखीच हुकमत. म्हणून वर सांगितलेल्या दोन्ही आवाजांना बाबासाहेबांचे नाव घेऊन आपली बाजू लढवता येणार नाही. एक हात कापून दुसरा बळकट होतो, असे त्यांनी कधीच मानले नाही.

३

आता वऱ्हाडातल्या लेकराच्या जिभेकडे येऊ. हे लेकरू शाळेत येते तेव्हा ते 'शाया' म्हणते. डोळ्याला 'डोया' म्हणते, काळ्याला 'काया'. 'मला' नाही, 'मले'. 'कशाला' नाही, 'कायले'. ही त्याच्या आईची भाषा आहे. तिच्यात नियम आहेत, आणि ते पाळले जातात. 'ळ'चा 'य' होतो तो घसरून नव्हे, रीतीने होतो. पण पहिल्याच दिवशी त्याला सांगितले जाते की हे अशुद्ध आहे. 'शाया' नाही रे, 'शाळा' म्हण. वर्ग हसतो. त्या हसण्यात लेकरू एक धडा शिकते, आणि तो पुस्तकात नसतो: आपल्या घरात बोलतात ते चूक असते. ज्याचे घर आधीच गावाच्या कडेला आहे त्याच्या मनावर या धड्याचा वळ किती खोल उठत असेल, हे या पत्राच्या वाचकांना सांगायला नको.

म्हणून 'मातृभाषेतून शिक्षण' ही घोषणा मला अर्धवट वाटते. कोणाच्या मातृभाषेतून? पाठ्यपुस्तकाची मराठी ही आमच्या लेकराची दुसरी भाषा आहे. इंग्रजी तिसरी. आणि याच अमरावती जिल्ह्याच्या मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याचे कोरकू लेकरू घ्या. त्याची भाषा मराठीच्या कुळातलीच नाही. ती मुंडा कुळातली. त्याला मराठी हीच परकी, आणि तिच्या पाठीवर बसून इंग्रजी येते. घटनेच्या अनुच्छेद ३५०-क ने भाषिक अल्पसंख्याकांच्या लेकरांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करायला राज्यांना सांगितले आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही शक्य तितके मातृभाषेतून शिकवावे, असे म्हटले आहे. 'शक्य तितके' या दोन शब्दांच्या फटीतून कोरकू लेकरू कधीच खाली पडले. २०२५ साली पहिलीपासून हिंदी आणण्यावरून महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! जूनअखेर शासनाला निर्णय मागे घ्यावा लागला. मराठीसाठी जे रस्त्यावर उतरले त्यांच्यावर माझा राग नाही. पण मराठीच ज्यांच्यावर लादली जाते त्या लेकरांचा विषय त्या गदारोळात कितीसा निघाला?

याच जिल्ह्यात रिद्धपूर आहे. महानुभावांच्या आद्य गद्याची ही भूमी. अलीकडे तेथे मराठी भाषेचे विद्यापीठ उभे राहिले. संस्कृताचा आग्रह धरणाऱ्या पंडित शिष्यांना नागदेवाचार्यांनी बजावले की असे केले तर माझ्या पंथातल्या म्हाताऱ्याकोताऱ्या बाया ज्ञानाला मुकतील. तेराव्या शतकात या मातीत एक शिक्षणविचार मांडला गेला: शिकणाऱ्याची जी भाषा, तीतून सुरुवात. तो विचार आजच्या पहिलीच्या वर्गापर्यंत पोचायला अजून किती शतके लागणार?

आणि आपल्या साहित्याचे काय? 'बलुतं' (१९७८), 'आठवणींचे पक्षी' (१९७९), 'उपरा' (१९८०), 'जिणं आमुचं' (१९८६) यांनी वस्तीची भाषा छापील पानावर आणली. प्रस्थापित समीक्षेने नाके मुरडली आणि शेवटी तीच भाषा साहित्याची म्हणून मान्य केली. हा दलित साहित्याचा फार मोठा विजय आहे. पण तो छापील पानावरचा विजय आहे. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात बोलीतले आत्मकथन लावलेले असते आणि त्याच आत्मकथनावरील उत्तरात मुलीने 'मले' लिहिले तर त्यावर लाल रेघ पडते! पानावर जी भाषा विद्रोह ठरते ती वर्गात चूक ठरते. या विसंगतीची समीक्षा दलित समीक्षेने करायला हवी होती. ती अजून झालेली नाही.

४

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्याआधी ते पाचवीपासून होते. मी त्या शेवटच्या तुकड्यांपैकी एक. त्या वेळी वस्तीत या निर्णयाचा आनंद झाला होता आणि तो रास्तच होता. शहरातल्या मुलाला बालवाडीपासून मिळणारी गोष्ट आमच्या लेकराला दहाव्या वर्षापर्यंत का मिळू नये? पण निर्णय विषयाचा झाला, शिकवण्याचा झाला नाही. ज्या गुरुजींना स्वतःला इंग्रजीचे दोन वाक्य बोलण्याचा सराव नव्हता त्यांच्या हातात पुस्तक देण्यात आले आणि काही दिवसांची प्रशिक्षणे झाली. परिणाम सर्वांसमोर आहे. 'असर'च्या २०२२ च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागातील पाचवीच्या मुलांपैकी सुमारे चौघांतल्या एकालाच इंग्रजीतले साधे वाक्य वाचता आले. बाकी तिघे पाच वर्षे इंग्रजीच्या तासाला बसलेले आहेत. ते शाळेत आहेत, हजेरीपटावर आहेत, त्यांना पुस्तक मिळाले आहे. फक्त भाषा मिळालेली नाही.

याच्या पुढचा घाट अकरावीचा. दहावीपर्यंत मराठीतून विज्ञान शिकलेले पोर अकरावी विज्ञानाला जाते आणि एका उन्हाळ्याच्या सुटीत त्याचे 'गुरुत्वाकर्षण' 'ग्रॅव्हिटेशन' होते, 'प्रकाशसंश्लेषण' 'फोटोसिंथेसिस' होते. त्याला विषय येत असतो. विषयाचे नाव येत नसते. जे तगतात ते तगतात. बाकीचे कला शाखेकडे वळतात आणि मग माझ्या वर्गात येतात. आपली मुले कला शाखेत का गर्दी करतात, याची उत्तरे लोक आवडीत, कुवतीत, आळसात शोधतात. माझ्या मते त्यातले पुष्कळसे उत्तर या एका उन्हाळ्यात आहे. कोठे दरवाजा बंद आहे असे लिहिलेले नसते. पण उंबरठा इतका उंच ठेवलेला असतो की जो आधीच घरून शिडी घेऊन आला तोच आत जातो.

कॅनडातील भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ पासून एक भेद मांडला, तो आपल्या शिक्षकांनी समजून घेण्यासारखा आहे. रोजच्या बोलण्याची भाषा वेगळी आणि अभ्यासाची भाषा वेगळी. नवी भाषा बोलण्यापुरती मूल साधारण दोन वर्षांत उचलते. पण तीतून वाचून, विचार करून, उत्तर लिहिण्याइतकी यायला पाच ते सात वर्षे लागतात. शिवाय पहिल्या भाषेत जे पक्के झाले असेल तेच दुसरीत उतरते. पहिली भाषा तोडून दुसरी उभी राहत नाही. आपण मात्र दोन्हीकडून चुकतो. घरची भाषा पहिलीत तोडतो, शाळेची मराठी कच्ची ठेवतो आणि तिच्यावर इंग्रजीचा मजला चढवतो. सेमी-इंग्रजीच्या नावाने गणित-विज्ञान इंग्रजीत करून हा मजला आणखी लवकर चढवला जातो. मुलाला ना ते मराठीत सांगता येते, ना इंग्रजीत. पाठ मात्र असते.

ही पाठांतराची भाषा हाच आजचा खरा अभ्यासक्रम आहे. माझ्या वर्गात वर्षाच्या सुरुवातीला मुले पुस्तक विचारीत नाहीत, गाईड विचारतात. आणि मी त्यांना दोष देत नाही. परीक्षेत जे पाच प्रश्न ठरलेले आहेत त्यांची उत्तरे गाईडमध्ये आहेत. ती जशीच्या तशी उतरवली की उत्तीर्ण होता येते. बारा-पंधरा वर्षे इंग्रजी शिकलेली मुलगी 'मला उद्या येता येणार नाही' एवढे स्वतःच्या मनाने इंग्रजीत लिहू शकत नाही, पण 'प्रदूषण' या विषयावर दोन पाने न अडखळता लिहिते. त्या दोन पानांत तिचा एकही शब्द नसतो. ज्या समाजाला शतकानुशतके बोलू दिले नाही त्याच्या मुलीला शिक्षणाने दुसऱ्याचे शब्द पाठ करायला लावावेत, याहून क्रूर विनोद कोणता? वाघिणीच्या दुधाची जाहिरात केली आणि वाटीत गाईडचे पाणी ओतले.

५

१९७२ साली दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर या संघटनेपासून नाव घेतले. डॉ. म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून आले आणि त्यांनी निग्रो साहित्याकडे आपले लक्ष वेधले. हे देणे-घेणे आपल्या साहित्याला फलदायी ठरले. पण त्याच दशकात अमेरिकेत शाळेच्या वर्गावरून दोन न्यायालयीन लढे झाले, त्यांची दखल आपण घेतली नाही.

पहिला १९७४ चा लाउ विरुद्ध निकल्स. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांत चिनी भाषा बोलणारी सुमारे अठराशे मुले अशी होती की त्यांना इंग्रजी कळत नव्हते आणि ते शिकवण्याची वेगळी सोयही नव्हती. शाळेचे म्हणणे सरळ होते: आम्ही सर्वांना तीच पुस्तके, तेच शिक्षक, तोच अभ्यासक्रम देतो, यात भेदभाव कोठे आला? सर्वोच्च न्यायालयाने हे म्हणणे फेटाळले. ज्याला भाषाच कळत नाही त्याला तेच पुस्तक आणि तोच शिक्षक दिल्याने समान वागणूक होत नाही, असा त्या निर्णयाचा आशय आहे. समतेच्या नावाखाली चालणारी विषमता त्याने उघडी केली.

दुसरा १९७९ चा, मिशिगन राज्यातील ॲन आर्बर गावचा. येथे मुले परकी नव्हती. ती काळी, गरीब, आणि घरात काळ्यांची इंग्रजी बोलणारी होती. शाळा त्यांना मंद ठरवीत होती. न्यायाधीश जॉयनर यांनी निर्णय दिला की मुलांची घरची बोली लक्षात न घेता त्यांना प्रमाण इंग्रजी वाचायला शिकवणे ही शाळेची चूक आहे. ही बोली ओळखून तिचा उपयोग वाचन शिकवताना कसा करायचा, हे शिक्षकांना शिकवा. बोलीलाच अभ्यासक्रम करा, असे त्यांनी म्हटले नाही. प्रमाणभाषेकडे जाणारा रस्ता मुलाच्या घरापासून सुरू करा, एवढेच म्हटले.

'शाया' म्हणणाऱ्या वऱ्हाडी लेकराचा खटला याहून वेगळा आहे काय? आपण पँथरचे नाव आणले, डरकाळीही आणली. मूल मंद नाही, शाळा बहिरी आहे, हे सिद्ध करण्याची त्यांची पद्धत तेवढी आणली नाही.

६

आता आपल्यातल्या दुसऱ्या आवाजाविषयी. उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खीरी जिल्ह्यातील बांका या गावी २०१० साली इंग्रजीदेवीच्या मंदिराचा पाया घातला गेला. चंद्रभान प्रसाद या विचारवंतांची ती कल्पना. तिच्यामागची तळमळ मला समजते. सर्वोच्च न्यायालयाचे आणि उच्च न्यायालयांचे कामकाज घटनेच्या अनुच्छेद ३४८ नुसार इंग्रजीत चालते. २००६ च्या खैरलांजीच्या हत्याकांडावर २०१० साली नागपूर खंडपीठाने दिलेला निकाल इंग्रजीतच आहे. ज्यांच्या माणसांचे रक्त सांडले त्यांना आपल्या प्रकरणाचा निकाल दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो. अशा देशात इंग्रजी नको म्हणणे म्हणजे सत्तेच्या किल्ल्या आनंदाने दुसऱ्याच्या कमरेला ठेवणे होय. आणि हा उपदेश ज्यांच्याकडून येतो त्यांची स्वतःची नातवंडे कोणत्या शाळेत जातात, तेही आपण पाहतो.

तरीही मंदिर मला मान्य नाही. देवी झाली की पूजा सुरू होते आणि शिकवणे थांबते. आज गावोगाव जी 'कॉन्व्हेंट' निघाली आहेत ती या पूजेचीच दुकाने आहेत. पत्र्याची दोन खोल्यांची शाळा, टाय, बूट, आणि स्वतःच कशीबशी बारावी-बी.ए. झालेली, चार-दोन हजारांवर राबणारी बाई. मजुरीतून फी भरणाऱ्या आईला मी हसणार नाही. तिला बरोबर कळले आहे की सत्ता कोठे आहे. फसवणूक तिच्या आकांक्षेत नाही, तिला विकल्या जाणाऱ्या मालात आहे. चांगल्या खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा शिक्षण हक्क कायद्याने दिल्या, तर २०२४ साली राज्य शासनाने नियम बदलून तीही वाट अरुंद केली. उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला म्हणून ती उरली.

आणखी एक भ्रम दूर केला पाहिजे. भाषा येणे आणि त्या भाषेत आपल्याला मान मिळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' (१९८१) आपण वाचले आहे. त्यांनी इंग्रजी नव्हे, देववाणी म्हणवणारी संस्कृत हस्तगत केली, तीत एम.ए. केले, आणि मग शिकवण्याची नोकरी मिळवताना त्यांची जात आडवी आली. मलाही एका महाविद्यालयाच्या मुलाखतीत माझ्या विषयावर एकही प्रश्न आला नाही. मंडळातले एक गृहस्थ माझ्या उच्चारांवर हसले आणि मुलाखत संपली. त्यांची नजर आधी आडनावावर आणि मग उच्चारावर गेली होती. इंग्रजी शिकल्याने जात जात नाही. इंग्रजी शिकल्याने जातीशी लढण्याचे एक हत्यार मिळते, एवढेच. आणि हत्यार चालवायला शिकावे लागते, त्याची पूजा करून भागत नाही.

७

मग करायचे काय? चिकित्सा करून थांबणे हा समीक्षकांचा जुना आजार आहे, म्हणून चार गोष्टी मांडते.

पहिली गोष्ट शिक्षकाची. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मागणी केली की प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत. ते मुलांत मिसळतील, त्यांच्या गरजा ओळखतील, फटकून वागणार नाहीत. ही मागणी आज भाषेच्या अंगाने वाचली पाहिजे. वऱ्हाडी जाणणारा, मेळघाटात कोरकू जाणणारा शिक्षक ही दया नव्हे, ती शिक्षणशास्त्राची अट आहे. आणि तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे लटकत ठेवलेल्या प्राध्यापकाकडून भाषा घडवण्याची अपेक्षा करणे हा ढोंगीपणा आहे.

दुसरी गोष्ट पद्धतीची. मी वर्गात फळ्यावर 'मले भूक लागली' असे लिहिते. लाल रेघ मारीत नाही. विचारते, यात लागली कोण? भूक. कोणाले? मले. मग शेजारी 'आय ॲम हंग्री' लिहिते आणि विचारते, आता पुढे कोण आला? 'आय' आला, मी आलो. आपल्या भाषेत भूक येऊन माणसाला लागते. इंग्रजीत माणूस पुढे उभा राहून सांगतो, मी भुकेला आहे. 'शाळेत' मधला 'त' मागून येतो, 'इन' पुढून येतो. आपले क्रियापद शेवटी बसते, त्यांचे मधे. मुले हसतात, पण ते हसणे एकमेकांना नसते. त्यांना प्रथमच कळते की आपल्या बोलण्यालाही व्याकरण आहे आणि इंग्रजी म्हणजे जादू नव्हे, दुसऱ्या रीतीने मांडलेले घर आहे. घरच्या बोलीतून प्रमाण मराठीत आणि तेथून इंग्रजीत, असा तीन पायऱ्यांचा हा जिना आहे. सुभेदारांनी तर्खडकर हाती घेऊन यातल्या वरच्या दोन पायऱ्या बांधल्या होत्या.

तिसरी गोष्ट पुस्तकाची. 'जिणं आमुचं' आणि उर्मिला पवारांचे 'आयदान' यांची माया पंडित यांनी केलेली इंग्रजी भाषांतरे २००८ पासून उपलब्ध आहेत. जेरी पिंटो यांनी 'बलुतं' २०१५ साली इंग्रजीत नेले. आपले दुःख इंग्रजीत जाऊन जगभरच्या विद्यापीठांत शिकवले जाते, आणि आपली पोरे ते इंग्रजीत वाचायची वेळ आली की गाईड शोधतात! मूळ मराठी पान डावीकडे आणि भाषांतर उजवीकडे ठेवून वाचा. आशय ओळखीचा असला की परकी भाषा भिववीत नाही. भाषांतरात काय हरवले, यावर मुले वाद घालू लागली की समजावे, ती दोन्ही भाषांची मालक झाली.

चौथी गोष्ट परीक्षेची. जोवर पाठ केलेल्या उत्तराला गुण आहेत तोवर गाईडच राज्य करील. न पाहिलेला उतारा, स्वतःच्या गावाविषयीचे अर्ज, तक्रारी, चार ओळींचे स्वतःचे म्हणणे. मोडक्या इंग्रजीत का होईना, पण स्वतःचे. त्याला गुण द्या. विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांवर आपली माणसे आता बसलेली आहेत. तेथे हा ठराव कोण मांडतो, ते पाहायचे आहे.

वलगाव हे पेढी नदीच्या काठचे गाव. २० डिसेंबर १९५६ रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, गाडगेबाबांनी येथे देह ठेवला. बाबा शाळेत शिकलेले नव्हते. पण त्यांचे कीर्तन ही वऱ्हाडातली सर्वांत मोठी शाळा होती. ते वऱ्हाडीत बोलत आणि उपदेश झोडण्याऐवजी प्रश्न विचारीत. समोरची हजारो माणसे उत्तर देत, आणि उत्तर देता देता स्वतःच्याच अंधश्रद्धेशी येऊन ठेपत. शिकणाऱ्याच्या भाषेत विचारलेला प्रश्न आणि शिकणाऱ्याच्याच तोंडून आलेले उत्तर, यापलीकडे भाषाशिक्षणाचे रहस्य फार मोठे नाही. आज त्यांचे नाव धारण करणारे विद्यापीठ या विभागात आहे. त्या नावाला शोभेल असा इंग्रजीचा एक तरी वर्ग प्रत्येक महाविद्यालयात निघावा, ही मागणी फार नाही.

कार्यकर्त्या मित्रांना माझे सांगणे एवढेच की शिष्यवृत्तीसाठी, वसतिगृहासाठी, जागांसाठी आपण मोर्चे काढले आणि काढीत राहू. आता वर्गाच्या आत जाऊन बसण्याची वेळ आली आहे. समाजमंदिरात संध्याकाळी दोन तास, दोन भाषांची दोन पुस्तके आणि शेजारी बसणारा एक जाणता माणूस, एवढ्यावरही सुरुवात होते. आपल्यातला प्रत्येक पदवीधर कोणाच्या तरी शेजारी असा बसला, तर पुढच्या पिढीतल्या लेकराला दूध काढायला वाघिणीच्या गुहेत जावे लागणार नाही.